दातांच्या डॉक्टरपुढे खोटे का बोलावे लागते?

दाढ ठणकू लागली की मिश्री लावायची, दोन दिवस कळ काढायची आणि अगदीच सहन होईना तेव्हा दवाखाना गाठायचा, ही आपल्या वसाहतींतील जुनी रीत. खुर्चीत बसल्यावर डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का? दारू घेता का?" आणि आपला ट्रॅक मेंटेनर (आपल्या बोलण्यात अजून गँगमनच), पॉइंट्समन, पोस्टमन किंवा आर.एम.एस.चा सॉर्टर मान हलवून मोकळा होतो: नाही. खालच्या ओठाआड जिथे वर्षानुवर्षे बार भरला, तिथली पांढरी पडलेली त्वचा डॉक्टरांना समोर दिसतच असते. तेही घाईत असतात. दाढ निघते आणि विषय तिथेच संपतो.

आमचे मत असे की, हा प्रश्न दंतवैद्यांनी विचारलाच पाहिजे आणि त्याला खरे उत्तर मिळालेच पाहिजे. ताप-खोकल्याचा डॉक्टर जीभ पाहून सोडून देतो. गालाची आतली बाजू आणि जिभेखालची जागा नीट पाहतो तो दंतवैद्यच. सुपारी-गुटख्याने गाल आतून ताठ होत जातात, आधी तिखट झोंबू लागते, मग तीन बोटे उभी मावणाऱ्या तोंडात दोनही मावेनाशी होतात. हे कर्करोगाच्या आधीचे दुखणे आहे. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे, तेव्हा "आम्ही फक्त सुपारी खातो" हे समाधान खोटे आहे. दारूविषयी विचारणे ही तर नसती चौकशी मुळीच नव्हे. यकृत बिघडलेले असेल तर दात काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. दाताच्या दुखण्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांबरोबर दारू घेऊ नये, असे सांगितले जाते. ज्याने "नाही" म्हटले, त्याला हे कोण सांगणार?

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक जण धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्यात आपले सभासद नाहीत, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. आमच्या शाखा सभांमध्येही ठरावाआधी तंबाखूची डबी फिरते, हे आम्हीच कबूल करतो.

तोंड पाहून काय साधते, याचा दाखला केरळात आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. मुंबईत तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांच्या चमूने पोलिसांची तोंडे तपासली आणि दहा वर्षांनी पुन्हा पाहिली. तो अहवाल १९७२ चा आहे. म्हणजे गणवेशातल्या, पाळीवर राबणाऱ्या माणसांची अशी तपासणी होऊ शकते, हे आपल्याच शहरात पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे.

मग कामगार खोटे का बोलतो? कारण दवाखाना खात्याचा, डॉक्टर खात्याचा आणि कागदही खात्याचा. रनिंग स्टाफला ड्यूटीवर चढताना श्वासाची चाचणी द्यावी लागते. तिथे सापडला तर कारवाई होते, आणि दारू पिऊन गाडीवर चढणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही; मागे डब्यांत हजारो जीव असतात. परंतु ती चाचणी वेगळी आणि दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाला विचारलेला प्रश्न वेगळा. हे दोन्ही एकाच साहेबाच्या टेबलावर जाणार, वैद्यकीय वर्ग खाली येणार आणि रनिंग भत्ता जाणार, अशी शंका आली की माणूस ओठ मिटतो. काही कार्यकर्ते म्हणतात, ही तपासणीच नको, ही प्रशासनाची हेरगिरी आहे. त्यांचा संशय अनुभवातून आलेला आहे, पण त्यांचा उपाय आम्हाला मान्य नाही. तपासणी नाकारून वाचते ती प्रशासनाची औषधांवरची रक्कम. कामगाराचा जबडा वाचत नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. दंतवैद्याला दिलेले उत्तर उपचाराच्या कागदावरच राहील, सेवा अभिलेखात किंवा अधिकाऱ्याच्या फाइलीत जाणार नाही, असा लेखी आदेश काढावा. सवय सोडू इच्छिणाऱ्याला समुपदेशन आणि निकोटिनची गोळी-च्युइंगगम दवाखान्यातूनच मिळावे. बाजारातून घे म्हणून चिठ्ठी हाती देणे हा उपचार नव्हे. पांढरा किंवा लाल चट्टा आढळला तर तुकडा तपासायला पाठवण्यासाठी जाणे-येणे ड्यूटीत धरावे. घरातील मिश्री लावणाऱ्या बायकांनाही हीच सोय हवी, त्यांचा तर कोणी विचारच करत नाही. खेड्यातल्या टपाल कर्मचाऱ्याला सीजीएचएसचा दवाखाना शेकडो मैलांवर, त्याच्यासाठी जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात सोय करावी.

रेल्वेतील शाखांनी हा विषय पुढील पी.एन.एम. बैठकीच्या विषयपत्रिकेत घालावा, टपालातील शाखांनी जे.सी.एम.मध्ये मांडावा. लेखी आदेश हाती पडेपर्यंत प्रत्येक शाखा सचिवाने स्वतः दंतवैद्याकडे जाऊन तोंड दाखवून यावे. आम्ही येत्या सोमवारी जाणार आहोत, आणि तंबाखू खातो हे सांगणार आहोत.