जुना संगणक निर्लेखित करण्याआधी

सरकारी रुग्णालयात सकाळी केसपेपरची रांग जिथे अडते, त्या खिडकीमागे बहुधा एखादा थकलेला संगणक असतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणे थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि नवा प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांपूर्वीचे बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत. म्हणजे धडधाकट यंत्र निर्लेखनाच्या यादीत!

मग ते आहे तसेच वापरावे का? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत शिरला, तेव्हा हजारो रुग्णांच्या वेळा रद्द झाल्या, शस्त्रक्रियाही पुढे ढकलाव्या लागल्या. ती फट बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते, अनेक संगणकांवर ते बसवायचे राहिले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यानंतर दिल्लीच्या 'एम्स'मध्ये कित्येक दिवस कारभार कागदावर चालला. रक्ताचा अहवाल वेळेवर न दिसणे ही रुग्णासाठी तांत्रिक अडचण नसते.

नोंदणी, पत्रव्यवहार, ब्राउझरमध्ये उघडणारी प्रणाली एवढेच काम असेल, तर लिनक्स हा सरळ उपाय आहे. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते, परवान्याचा खर्च नाही. पेन ड्राइव्हवरून, आत काहीही न बसवता, आधी चालवून पाहता येते. प्रिंटर आणि स्कॅनर ओळखतो का, हे तेव्हाच कळते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्स वापरत आहेत, तेव्हा 'आपल्या लोकांना जमणार नाही' हे कारण टिकत नाही.

अडचणी आहेतच. एक्स-रे किंवा रक्त तपासणी यंत्राला जोडलेला संगणक मुळीच बदलू नये. त्याचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतेच असते. तो इंटरनेटपासून तोडून ठेवावा. युनिकोड नसलेल्या फॉन्टातली जुनी मराठी पत्रे लिनक्सवर अक्षरांचा काला होऊन उघडू शकतात, ती आधी रूपांतरित करावी लागतात. आणि लिनक्स म्हणजे लस नव्हे! त्यालाही अपडेट लागतात. ते करण्याची जबाबदारी कोणाची, हे आदेशात नावानिशी लिहिलेले हवे. नाहीतर सगळा भार खिडकीवरच्या कंत्राटी ऑपरेटरवर पडतो, आणि रांगेतल्या शिव्याही तोच खातो.

बदल टाळून यंत्र फेकणे मात्र आरोग्य खात्याला शोभत नाही. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराच भंगारवाल्यांकडे जातो. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सर्किटवरचे शिसेयुक्त डाग वितळवतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि ते नुकसान भरून येत नाही. ती मुले पुढे याच रुग्णालयाच्या बालरोग विभागात येतात, त्याच केसपेपरच्या रांगेतून.