गुंजभर तांबे

ग्वाल्हेरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र दीर्घ आहे, आणि ओळीओळीत काळजी आहे. त्यांच्या बहिणीच्या धाकट्या मुलाला विल्सनचा विकार असल्याचे निदान झाले. औषध सुरू झाले आणि मुलगा सुधारतो आहे. विकार आनुवंशिक असल्याने थोरल्या मुलीचीही तपासणी करावी, असे डॉक्टरांनी सुचविले. मुलगी धडधाकट आहे, शाळेत जाते, खेळते. तिच्या चोवीस तासांच्या लघवीतील तांबे मोजले, तेव्हा आकडा इतका मोठा निघाला की घरात रडारड झाली. महिन्याभराने दुसऱ्या प्रयोगशाळेत तीच तपासणी केली, तर आकडा अगदी निर्दोष. ‘‘आता यांतली खरी कोणती आणि खोटी कोणती, एवढेच सांगा. मुलीला जन्मभराचे औषध सुरू करायचे, की देवापुढे पेढे ठेवायचे?’’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घरातला असला, तरी त्याचे उत्तर अनेक घरांना उपयोगी पडेल, म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच दिले आहे.

आपल्या शरीरात तांबे किती असते? प्रौढ माणसाच्या सर्व देहातील तांबे एकत्र केले, तर ते सुमारे शंभर मिलिग्रॅम भरेल. सोनाराच्या जुन्या मापात सांगावयाचे, तर गुंजभर. जस्त त्याहून बरेच अधिक, म्हणजे जवळजवळ दोन मासे. सेलेनियम तर गुंजेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ही द्रव्ये इतकी अल्प असूनही त्यांच्यावाचून देहाचे चालत नाही. श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायू आपल्याला जगवितो. परंतु त्याच्या वापरातून पेशींना इजा करणारी काही उग्र संयुगेही निर्माण होतात. त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या एका विकराचा शोध १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकन शास्त्रज्ञांनी लावला. पेशींत सर्वत्र आढळणाऱ्या त्या विकराच्या गाभ्यात तांबे आणि जस्त असतात. तसेच काम करणाऱ्या दुसऱ्या एका विकरात सेलेनियम असते, हे १९७३ मध्ये कळले. म्हणजे हल्ली ज्यांचा फार गाजावाजा चालतो, ते ‘अँटिऑक्सिडंट’ केवळ फळांत आणि गोळ्यांत नसतात. त्यांतील काही आपले आपणच घडवितो, आणि त्यासाठी ही गुंजभर सामग्री लागते.

मात्र हेच तांबे साचले, तर विष होते. निरोगी यकृत अन्नातून आलेले तांबे एका निळसर प्रथिनात गुंफून रक्तात सोडते आणि जास्तीचे पित्तावाटे बाहेर टाकते. १९१२ मध्ये सॅम्युएल किनिअर विल्सन यांनी ज्या विकाराचे सविस्तर वर्णन केले, त्यात ही दोन्ही कामे बिघडतात. तांबे आधी यकृतात साचते, मग मेंदूत. कित्येकांच्या डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडे दिसू लागते. गंमत अशी (रुग्णाच्या घरी तिला गंमत म्हणवत नाही) की सर्व देहात तांब्याचा अतिरेक असताना रक्तरसातील एकूण तांबे बहुधा नेहमीपेक्षा कमीच भरते; कारण ज्या प्रथिनात ते गुंफले जायचे, तेच पुरेसे तयार होत नाही. तेव्हा रक्ताचा आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होणे ही घोडचूक ठरते. म्हणूनच लघवीतले तांबे मोजतात. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत ते सहसा चाळीस मायक्रोग्रॅमच्या आत असते. विकाराची लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णांत बहुधा शंभराच्या वर जाते. चाळीस मायक्रोग्रॅम म्हणजे किती? एका गुंजेचे तीन हजार भाग केले, तर त्यांतील एक. मुलीचे भवितव्य या एका भागावर तोलायचे आहे.

इतके सूक्ष्म वजन कोणत्या तराजूत होते, हे थोडक्यात सांगतो. दिवाळीतली रंगीत दारू जळताना तांब्याची संयुगे हिरवी-निळी ज्योत देतात, हे आपण पाहिलेले असते. प्रत्येक धातूचा अणू तापला की आपल्या ठराविक रंगाचा प्रकाश देतो. आणि नेमक्या त्याच रंगाचा प्रकाश बाहेरून आला, तर तो गिळूनही टाकतो. या दुसऱ्या गुणाचा रासायनिक मोजमापासाठी उपयोग करावा, ही कल्पना ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांना १९५२ मध्ये एका रविवारी सकाळी घरच्या बागेत काम करताना सुचली. १९५५ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तांब्याचा दिवा लावायचा, त्याचा प्रकाश ज्योतीतून न्यायचा, ज्योतीत नमुन्याचा फवारा सोडायचा. नमुन्यात तांबे असेल त्या मानाने प्रकाश मंदावतो. जस्त-लोह त्याला अडवीत नाहीत. पुढे ज्योतीच्या जागी विजेने तापविलेली ग्रॅफाइटची नळी आली, आणि १९८० नंतर अणूंना विद्युत्भारित करून त्यांच्या वस्तुमानानुसार वेगळे मोजणारी यंत्रे आली. आज मायक्रोग्रॅमच्या हजाराव्या भागाचाही हिशेब लागतो.

पण यंत्र जितके तीक्ष्ण, तितकी त्याला भुलविणारी घाणही सूक्ष्म. खरे दुखणे येथे आहे. क्रोमियमची गोष्ट या शास्त्रातील लोक अजून सांगतात. १९५० व १९६०च्या दशकांत रक्तरसातील क्रोमियमचे ‘प्राकृत’ प्रमाण म्हणून जे आकडे छापून येत, ते आजच्या मान्य आकड्याच्या कित्येक पटींनी, काही तर शेकडो पटींनी, मोठे होते. माणसाचे रक्त तीस वर्षांत बदलले नव्हते. बेल्जियममधील घेंट येथील जॅक व्हर्सिएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मोजलेले पुष्कळसे क्रोमियम आणि मँगनीज रुग्णाचे नव्हतेच. ते पोलादी सुईतून, काचेतून, धुळीतून नमुन्यात उतरले होते. मोठमोठ्या विद्वानांनी वर्षानुवर्षे सुईचे पृथक्करण करून ते माणसाच्या नावावर मांडले!

आम्हालाही असा प्रसाद मिळालेला आहे. उमेदवारीच्या काळात मी ज्या प्रयोगशाळेत होतो, तेथे एकदा आठवडाभर येईल त्या रुग्णाच्या रक्तात जस्त वाढलेले निघू लागले. आम्ही यंत्र उघडले, द्रावणे नव्याने केली, एकमेकांवर चिडलो. शेवटी तेथल्या वयस्क मदतनीस मावशींनी सहज विचारले, ‘‘साहेब, त्या नव्या बुचांनंतरच हे सुरू झालं, नाही का?’’ परीक्षानळ्यांची रबरी बुचे नव्याने आली होती, आणि रबर घडविताना त्यात जस्ताचे भस्म घालतात. नळ्या आडव्या ठेवल्या की रक्त बुचाला लागे आणि जस्त घेई. लेशमूलद्रव्यांसाठी आता गडद निळ्या बुचाच्या खास नळ्या मिळतात, त्या याचसाठी. जस्ताचे आणखीही नखरे आहेत. रक्तातील तांबड्या पेशींत ते रक्तद्रवाच्या दहापटीच्या आसपास असते, त्यामुळे रक्त काढताना पेशी फुटल्या की आकडा चढतो. उलट, जेवणानंतर तो उतरतो. म्हणून ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करावी.

क जीवनसत्त्वाचे उलटे आहे. ते निष्काळजीपणाने वाढत नाही, नाहीसे होते. रक्त काढून नळी टेबलावर तासन्‌तास पडून राहिली, तर त्यातील जीवनसत्त्व हवेनेच निकामी होते. नमुना ताबडतोब थंड करून त्यात योग्य आम्ल मिसळले, तरच ते टिकते. एखाद्या धडधाकट माणसाला ‘तुमच्यात क जीवनसत्त्व नाही’ असे कळले, तर त्याच्या आहाराइतकीच त्या नळीच्या प्रवासाचीही चौकशी करावी.

हाच धागा पुढे नेऊन एका तपासणीविषयी स्पष्ट बोलतो. कारण तिच्या जाहिराती पुष्कळांनी माझ्याकडे पाठविल्या आहेत. रक्ताची ‘एकूण अँटिऑक्सिडंट शक्ती’ मोजून देतात आणि आकडा कमी आला की महागड्या गोळ्या सुचवितात. या मापनाची एक प्रसिद्ध पद्धत बेन्झी आणि स्ट्रेन यांनी १९९६ मध्ये दिली. रक्तद्रवाने लोहाचे क्षार किती बदलले, हे निळ्या रंगावरून पाहायचे. पद्धत सुबक आहे. परंतु त्या रंगाचा सुमारे साठ टक्के भाग कोणामुळे येतो? यूरिक आम्लामुळे! ज्याच्या पायाचा अंगठा संधिवाताने सुजला आहे, त्या बिचाऱ्याच्या रक्ताला या परीक्षेत पहिल्या वर्गाचे गुण मिळायचे. संशोधकाला ही पद्धत उपयोगी आहे. गृहस्थाने तिच्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्वच्छ मत आहे. गोळ्यांविषयीही एक दाखला पुरे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. तो १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

पुन्हा तांब्याकडे येऊ. भांड्यातून धातू उतरतो ही गोष्ट आपल्याकडे प्रयोगशाळेपुरती कधीच नव्हती. आमच्या लहानपणी ‘अमक्याच्या मुलाला लिव्हर आहे’ एवढेच कानावर येई आणि मोठी माणसे गप्प होत. वर्ष-दोन वर्षांची मुले, पोट फुगलेले, कावीळ. आणि मग शेवट. ‘भारतीय बालकांचा सिऱ्होसिस’ असे नाव लाभलेल्या या रोगात यकृतातील तांबे प्राकृत प्रमाणाच्या अनेक पटींनी वाढलेले असे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी संशय व्यक्त केला तो दुधाच्या भांड्यावर. अंगावरचे दूध लवकर तोडून वरचे दूध सुरू केलेले, आणि ते दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व साठविलेले, असे पुष्कळांच्या बाबतीत आढळले. दुधातील प्रथिन तांब्याला मोठ्या ओढीने धरून ठेवते. केवळ भांडे हेच कारण, की काही मुलांत उपजत दुबळेपणाही असावा, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण पितळ गेले, स्टील आले, आणि हा रोग आता क्वचितच दिसतो. कल्हईवाल्याची हाक आली की आजी सगळी पातेली अंगणात का काढून ठेवीत असे, याचा उलगडा मला फार उशिरा झाला.

हल्ली इंदूरच्या कसेरा बाजारातून तांब्याच्या बाटल्या आणि हंडे पुन्हा हौसेने घरी येत आहेत. निरोगी माणसाने त्यातले पाणी प्यायले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. जास्तीचे तांबे यकृत बाहेर टाकते. ताक, चिंचेचे सार असले आंबट पदार्थ आणि तान्ह्या बाळाचे दूध मात्र त्यात कधीही ठेवू नये. आणि विल्सनचा रुग्ण ज्या घरात आहे, त्याच्या पाण्याचे भांडे तांब्या-पितळेचे नसावे.

आता ग्वाल्हेरच्या भगिनींना उत्तर. पत्र मिळताच मी त्यांना फोन करून एकच विचारले : चोवीस तासांची लघवी गोळा कशी केली? त्या म्हणाल्या, बहिणीला विचारून सांगते. दोन दिवसांनी उत्तर आले. पहिल्या वेळी प्रयोगशाळेने दिलेल्या डब्याचे तोंड लहान, म्हणून मुलगी दर वेळी न्हाणीघरातला जुना पितळी तांब्या वापरी आणि आई त्यातून डब्यात ओती. (ज्या भांड्याचे नावच तांब्या, त्याच्यावर आळ येणे क्रमप्राप्त होते.) दुसऱ्या वेळी प्लास्टिकचे भांडे वापरले, पण रात्री मुलगी झोपेत उठून गेली, ती लघवी डब्यात पडलीच नाही, आणि ‘एकदाची राहिली तर काय होते’ म्हणून कोणी सांगितले नाही.

तेव्हा ताई, खोटे कोणीच बोलले नाही. दोन्ही प्रयोगशाळांनी डब्यात जे होते, ते मोजले. पहिल्या डब्यात मुलीबरोबर तांब्याही होता आणि दुसऱ्यात मुलगी पुरती नव्हती. पहिल्या आकड्यावरून औषध सुरू करू नका, तसेच दुसऱ्या आकड्यावरून पेढेही ठेवू नका. भावाला विकार असता बहिणीला तो असण्याची शक्यता चारात एक असते. ही शक्यता त्या दोन कागदांनी कमीही झाली नाही आणि वाढलीही नाही. विकार लक्षणांपूर्वी सापडला, तर औषधाने मूल सर्वसाधारण आयुष्य जगू शकते. म्हणून तपासणी टाळू मात्र नका.

तिसरी तपासणी अशी करा. डबा प्रयोगशाळेचाच घ्या, आम्लाने धुतलेला, आणि लघवी धरण्याचे भांडेही त्यांच्याकडूनच मागून घ्या. सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी व ती वेळ लिहून ठेवावी; तेथून दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक लघवी, ती शेवटची धरून, डब्यात जावी. एकदा जरी चुकली, तर डबा रिकामा करून पुन्हा आरंभ करावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याच नमुन्यातील क्रिएटिनिनही मोजावयास सांगा. ते रोज साधारण सारख्याच प्रमाणात बाहेर पडते, त्यामुळे दिवस पुरा भरला की नाही, हे कळते. रक्तातील निळसर प्रथिनाची आणि डोळ्यांची तपासणी डॉक्टर करवतीलच. या विकाराचा जनुक १९९३ मध्ये सापडला आहे; भावाच्या जनुकातील दोष निश्चित झाला असेल, तर बहिणीत तो आहे की नाही हे थेट पाहता येते, आणि त्या परीक्षेला कोणत्याही भांड्यातले तांबे भुलवू शकत नाही. तिच्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा.

काल त्यांचा पुन्हा फोन आला होता. नवा डबा आणला आहे, येत्या रविवारी शाळेला सुटी असल्याने तो दिवस ठरविला आहे, आणि रात्री आई मुलीच्या खोलीत झोपणार आहे. पितळी तांब्या माळ्यावर गेला.