पवईचं गोंदण आणि मनगटावरचं घड्याळ

मंडळी, आज जरा विज्ञानावर. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईने या भानगडीत पडू नये, असं भाचेकंपनी म्हणेलच. पण रोज सकाळी स्वतःचं बोट मी टोचते, तेव्हा साखर कशी मोजतात यावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे!

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी ऑनलाइन एक घड्याळ मागवलं. न टोचता रक्तातली साखर दाखवतं म्हणे. महिनाभर त्यांनी ग्लुकोमीटर कपाटात ठेवून दिला. घड्याळात रोज ११०-११५. मग पाय जड वाटू लागले म्हणून लॅबमध्ये रक्त दिलं, तर जेवणाआधीची साखर २९०. मी रागावले, तर मलाच म्हणतात, "बाई, आपल्या पवईच्या आयआयटीतसुद्धा प्रकाशाने साखर मोजलीय. तुम्ही जुन्या वळणाच्या."

पवईचं काम खरं आहे, आणि म्हणूनच मला राग आला. खऱ्या कामाच्या आडोशाने खोटी वस्तू विकली जाते.

ते काम काय आहे ते सांगते. आयआयटीत प्रा. रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने २००९च्या सुमारास अल्जिनेटचे अगदी बारीक गोळे केले. अल्जिनेट समुद्री शेवाळातून मिळतं. पाणी धरून ठेवणारी अशी जी जाळी असते तिला हायड्रोजेल म्हणतात. फालुद्यातला सब्जा भिजला की त्याच्याभोवती जो बुळबुळीत गोळा धरतो ना, तोही त्याच जातीचा. या गोळ्यांच्या पोटात त्यांनी एक जोडी ठेवली: साखर ओळखणारं प्रथिन, आणि डेक्स्ट्रान नावाची साखरेचीच लांबलचक साखळी. दोघांना वेगवेगळे रंग चिकटवलेले.

हे रंग फ्लोरेसन्सवाले. (याला मराठीत दोन-तीन शब्द आहेत, एकही तोंडात बसत नाही. असो.) दुकानदार नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो आणि नंबराची पट्टी उजळते, ते फ्लोरेसन्स. एक प्रकाश घ्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा सोडायचा. पण असे दोन रंग एकमेकांच्या फार जवळ आले, म्हणजे एक ते दहा नॅनोमीटरवर, तर पहिला आपली ऊर्जा प्रकाश न सोडताच दुसऱ्याला देऊन टाकतो. तंबोऱ्याची एक तार छेडली की तिच्या सुरातली शेजारची तार न छेडता गुणगुणते, साधारण तसं. जर्मनीच्या थिओडोर फोर्स्टर यांनी १९४८ साली याचं गणित मांडलं. ऊर्जा जाण्याचा वेग अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट केलं तर तो चौसष्टावा हिस्साच उरतो! त्यामुळे हा प्रकार रेणूंमधली अंतरं मोजायची पट्टी म्हणून वापरता येतो.

आता साखर नसेल तेव्हा प्रथिन त्या साखळीला धरून बसतं, रंग जवळ असतात, आणि पहिल्याचा प्रकाश मंद दिसतो. ग्लुकोज आलं की आपल्या लोकलमधल्या जागेसारखं होतं. ते साखळीला सरकवून स्वतः बसतं. रंग दूर जातात, पहिल्याचा प्रकाश वाढतो. ग्लुकोज लहान, ते गोळ्याच्या भिंतीतून सहज ये-जा करतं. साखळी आणि प्रथिन मोठे, ते आतच राहतात. हे गोळे कातडीखाली सोडायचे आणि वरून प्रकाश टाकून वाचायचे, अशी कल्पना. तिला नाव दिलंय 'स्मार्ट टॅटू'. आपल्या आज्यांच्या हातावरचं गोंदणच की!

पण हे गोळे तपासले ते कातडीखालच्या द्रवासारख्या बनवलेल्या द्रवात. म्हणजे बाटलीत. बाटलीतून माणसापर्यंतची वाट लांब असते. शरीर परक्या वस्तूभोवती कोष विणतं, रंग उजेडाने फिके पडतात, आणि कातडीखालची साखर रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे चालते. अमेरिकेत एव्हरसेन्स नावाचं सेन्सर दंडात कातडीखाली बसवतात. तेही फ्लोरेसन्सवर आणि जेलवरच चालतं, फक्त त्यात असा दोन रंगांमधला देणंघेणं नाही. २०१८ साली त्याला तिथे मान्यता मिळाली ती ९० दिवसांच्या वापरासाठी, आणि वर्षभर टिकणारं यायला २०२४ उजाडलं. त्यातही आधी दंडाला छोटासा छेद घ्यावाच लागतो. शरीराच्या आत काहीही न घालता नुसत्या मनगटावरून साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये दिला. त्या इशाऱ्याचं भाषांतर करून मी जिन्याच्या फलकावर लावलंय.

माझं म्हणणं इतकंच की अशा कामाची बातमी देताना ते कुठवर आलंय हे पहिल्या ओळीत सांगावं. बाटलीत, उंदरात की माणसात? "सुईपासून सुटका" असा मथळा दिला की वाचणारा मीटर कपाटात ठेवतो. वर्तमानपत्रांकडून माझी फारशी अपेक्षा नाही. पण संशोधकांनी स्वतः अर्धं पान मराठीत लिहायला काय हरकत आहे? लिंक रोडवरून जाताना आयआयटीचं गेट आम्हाला रोज दिसतं, आत काय चाललंय ते मात्र इंग्रजी जर्नलांत. सहावा घात समजायला आठवीचं गणित पुरतं. मुलांना तो मी शिकवला नसला, तरी शेजारच्या वर्गातून ऐकलाय बरीच वर्षं.

आणि भाच्यांनो, तुमच्यापैकी दोघं तर लॅबमध्येच असता. सुरुवात तुम्हीच करा. शुद्धलेखन मी तपासून देईन.