गोळीमागचा उंदीर



भाजी निवडताना अळी दिसली, तर आपण तिला अलगद कुंडीत सोडतो. पण नातवाला धुळीने शिंका सुरू झाल्या की ॲलर्जीची गोळी मीच देते. मी कॉमर्सची. तरी ही औषधं तपासतात कशी, ते वाचून काढलं.

एक जुनी चाचणी अशी. उंदराच्या कातडीत ॲलर्जीची प्रतिपिंडं टोचतात. नंतर शिरेतून ॲलर्जीचा पदार्थ आणि निळा रंग सोडतात. कातडीतल्या मास्ट पेशींतून हिस्टामीन सुटतं, रक्तवाहिन्या झिरपतात आणि थोड्याच वेळात तिथे निळा डाग उमटतो. आधी औषध दिल्यावर डाग लहान राहिला, तर औषध गुणी. डाग मोजायला उंदीर मारून कातडी काढतात. पंचेंद्रिय जीव तो!

इंग्लंडमधल्या डॉ. रॉजर अल्टूनियन यांना स्वतःलाच दमा होता. १९६०च्या दशकात गिनीपिगच्या केसांतल्या कोंड्याचा अर्क श्वासातून घेऊन ते मुद्दाम झटका आणत आणि नवी औषधं स्वतःवर तपासत. त्यातून सोडियम क्रोमोग्लायकेट मिळालं. पुढे तशीच बरीच औषधं उंदरांत सरस ठरली, पण माणसाच्या दम्यात फुसकी निघाली. म्हणजे ते उंदीर गेले आणि हाती काही आलं नाही.

मग गोळी देऊ नये का? द्यावी. धाप लागलेल्या लेकराला औषध नाकारणं ही अहिंसा नव्हे. पण हिशेब खरा लिहावा. जमेला नातवाचा श्वास, तर नावे ते उंदीर. ही नोंद खोडता येत नाही, पुढची टाळता येते.

आपल्या देशात २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती झाली. प्राण्यांऐवजी मानवी पेशी, चिपवरचे अवयव, संगणक अशा पद्धतींनाही आता वाट आहे. आपली मुलं-सुना औषधांच्या क्षेत्रात आहेत, त्यांना विचारा: तुमच्याकडे ही वाट कोणी धरली का? पांजरपोळाला देतो, तसा दानाचा एक वाटा अशा संशोधनालाही देऊया.

क्षमावाणीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. यंदा मी त्या निळ्या डागाच्या उंदराचीही मागणार आहे. तुम्हीही मागा, आणि मग प्रश्नही विचारा.