टिपांच्या पैशावर डर्बी

वर्तमानपत्राच्या मालकाने घोडे बाळगले की तो श्रीमंती षोक ठरतो. सर एडवर्ड हल्टन यांच्या घराण्यात क्रम उलटा होता. घोडे आधी आले, वर्तमानपत्रं मागून.

त्यांचे वडील, तेही एडवर्डच, मँचेस्टरमध्ये कंपॉझिटर होते. खिळे जुळवता जुळवता ते ‘केटलड्रम’ या टोपणनावाने शर्यतींच्या टिपा देऊ लागले. हे नावही १८६१ ची डर्बी शर्यत जिंकलेल्या घोड्याचं! त्या धंद्यातून १८७१ मध्ये ‘स्पोर्टिंग क्रॉनिकल’ उभं राहिलं. धंदा मोठा हुशारीचा. टीप खरी ठरली तर पेपरचं नाव व्हायचं. खोटी ठरली तरी हरलेल्याला उद्याची टीप हवीच असायची.

मुलाने याच पायावर इमला चढवला. १८९७ मध्ये ‘मँचेस्टर इव्हनिंग क्रॉनिकल’, १९०० मध्ये ‘डेली डिस्पॅच’, १९०९ मध्ये छायाचित्रांनी भरलेला ‘डेली स्केच’ आणि पुढे लंडनचं ‘इव्हनिंग स्टँडर्ड’. ब्रिटिश पत्रकारितेचा इतिहास सांगणारे अग्रलेखांपासून सुरुवात करतात. टिपांच्या चिठोऱ्यापासून केली, तर पैसा कुठून आला ते तरी कळेल.

आता या पैशावर पोसलेल्या घोडीकडे वळू. १९१६ साली महायुद्धामुळे डर्बीचं नेहमीचं मैदान एप्सम बंद होतं, म्हणून डर्बी न्यूमार्केटला धावली. हल्टन यांची फिफिनेला तीन वर्षांची, गुणी आणि तितकीच लहरी. जो चाइल्ड्स तिचा जॉकी. नरांना मागे टाकून तिने डर्बी मारली आणि त्याच आठवड्यात, केवळ माद्यांसाठी असलेली ओक्सही. उत्तर समुद्रात जटलंडची लढाई पेटली होती, तोच हा आठवडा.

१९२१ मध्ये हल्टन ‘सर’ झाले. दोनच वर्षांनी त्यांनी सगळा पसारा साठ लाख पौंडांना विकला. ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ वृत्तपत्रसम्राट बीव्हरब्रुककडे गेलं, बाकीची पत्रं त्याच पंक्तीतल्या रॉदरमिअरकडे. १९२५ मध्ये हल्टन वारले. मुलगा आईवडिलांच्या लग्नाआधीचा, म्हणून वडिलांचा वंशपरंपरागत किताब त्याला वारशाने मिळाला नाही. त्याने १९३८ मध्ये ‘पिक्चर पोस्ट’ हे सचित्र साप्ताहिक काढलं, आणि किताबाची भरपाई त्यातच झाली असं म्हणायला हरकत नाही.

‘स्पोर्टिंग क्रॉनिकल’ १९८३ मध्ये बंद पडलं. फिफिनेलानंतर आजवर एकाही घोडीला डर्बी जिंकता आलेली नाही.