अंश पोलिसांचा, छेद कुणाचा?

मांडव्याचे नाव देशभर पोहोचवले ते ‘अग्निपथ’ने, आणि तेही खून-सूडासह. १९९०च्या चित्रपटाने गावाला दिलेली ही ओळख २०१२च्या नव्या ‘अग्निपथ’मध्ये आणखी गडद झाली. त्या वेळचे मांडव्याचे चित्रीकरण झाले होते दीवमध्ये, हा भाग वेगळा. कांचा चिना पडद्यावरच राहिला, पण अलीकडे किनाऱ्यावर दुसरीच पटकथा ऐकू येते: रो-रो आली, बाहेरची माणसे आली, गुन्हे वाढले.

यातली पहिली दोन विधाने खरी आहेत. मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी गाड्या वाहणारी बोट सुरू झाली. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला. मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यात वाड्या विकल्या गेल्या, बंगले उठले, आणि बंगल्यांमागोमाग गवंडी, सुतार, माळी, पहारेकरी आले. गावातली तरुण मुले नोकरीसाठी मुंबई-पनवेलला गेली आणि त्यांच्या वयाची दुसरी मुले परराज्यांतून इथे आली. तिसरे विधान मात्र सिद्ध करावे लागते, आणि तिथेच गाडी अडते.

गुन्ह्यांचे प्रमाण हा साधा भागाकार आहे. वर गुन्हे, खाली लोकसंख्या. रायगडमध्ये या अपूर्णांकाचे दोन्ही मजले डळमळीत आहेत. जनगणनेतल्या रायगड जिल्ह्यात पनवेल आणि उरण येतात, पण तिथली पोलीस ठाणी नवी मुंबई आयुक्तालयाकडे आहेत. म्हणजे रायगड पोलिसांच्या गुन्ह्यांना अख्ख्या जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागले तर उत्तर चुकणारच. शिवाय हाताशी असलेली शेवटची जनगणना २०११ची. तेव्हा रो-रो नव्हती, सेतू नव्हता. शनिवारी संध्याकाळी जेट्टीवर उतरणारी गर्दी तर कुठल्याच जनगणनेत मांडव्याच्या खात्यावर पडत नाही. ती मोजली जाते मुंबईत, भांडते मात्र इथे.

आकडा लहान असला की आणखी एक फसगत होते. तीन हजार वस्तीच्या गावात वर्षभरात एक खून झाला, तर लाखामागे प्रमाण तेहतीसवर जाते. देशाचे प्रमाण आहे दोनच्या आसपास. पुढल्या वर्षी एकही खून झाला नाही, तर तेच गाव देशातले सर्वांत सुरक्षित ठरते. गाव दोन्ही वर्षी तेच असते. साथरोगतज्ज्ञ अशा वेळी अनेक वर्षांचे आकडे एकत्र करून पाहतात. चावडीवर तेवढा धीर नसतो.

नोंदींचेही तसेच. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली की प्रथम खबरी अहवाल नोंदवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३मध्ये दिला. त्यानंतर वाढलेल्या आकड्यात हिंसा किती वाढली आणि नोंद किती वाढली, हे वेगळे काढणे सोपे नाही. त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा खुनाचा, कारण प्रेत लपवणे अवघड. आणि तो आकडा काय सांगतो? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात लाखामागे चारहून अधिक खून होत; आता ते प्रमाण निम्म्यावर आले आहे.

मग बाहेरून आलेल्यांचा काहीच संबंध नाही? संबंध आहे, पण तो त्यांच्या प्रांताशी नाही. बेल्जियमचा गणिती अॅडॉल्फ केतले याने १८३१मध्येच फ्रान्समधल्या न्यायालयांच्या नोंदींवरून दाखवले होते की गुन्ह्याकडचा कल विशीत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो. पुढे देशोदेशी हेच दिसले. हिंसा करणारे आणि तिला बळी पडणारे, दोघांतही तरुण पुरुष जास्त. रायगडमध्ये २००१साली हजार पुरुषांमागे ९७६ स्त्रिया होत्या, २०११मध्ये ९५९. त्याच काळात रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या, कारण तिथले पुरुष बाहेर गेलेले. पत्र्याच्या शेडमध्ये एकटे राहणारे, हातात रोख मजुरी आणि जवळ दारूचे दुकान असलेले शंभर तरुण कुठल्याही गावचे घ्या, त्यांच्यात मारामाऱ्या साठीतल्या शंभर माणसांपेक्षा जास्तच होणार. कर्करोगाचे प्रमाण दोन गावांत ताडून पाहताना वयाचा फरक वजा करतात. गुन्ह्याच्या बाबतीत तो वजा करायचे कुणाला सुचत नाही, आणि सगळा दोष ‘परप्रांतीय’ या एका शब्दावर जातो.

तो शब्द आणखी एक गोष्ट झाकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२मध्ये देशात २८,५२२ खून झाले. त्यांतले ९,९६२ वादांतून, ३,७६१ वैयक्तिक वैरातून आणि १,८८४ लाभासाठी. वैर जडायला ओळख लागते. बांधावरून, वाटणीवरून, जमिनीच्या पैशावरून होणारे वाद तर घरचेच. आणि वाडीचा भाव वाढला की भावाभावांतली वाटणीही महाग होते. त्याहून आत, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. या बायका रो-रोने आलेल्या नाहीत.

हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असा ठराव जागतिक आरोग्य परिषदेने १९९६मध्येच केला. त्याचा उपयोग करून दाखवला वेल्समधल्या कार्डिफ शहराने. मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्यांपैकी बरेच जण पोलिसांकडे जातच नाहीत, हे जोनाथन शेफर्ड या शल्यविशारदाच्या लक्षात आले. तिथल्या तातडीच्या विभागात मग प्रत्येक जखमीला विचारले जाऊ लागले: कुठे झाले, केव्हा झाले, कशाने मारले. नाव वगळून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडे गेली आणि गस्त त्याप्रमाणे लागली. २०११साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कार्डिफमध्ये महिन्याला लाखामागे सातवरून पाचवर आले. तुलनेसाठी निवडलेल्या शहरांत ते पाचवरून आठवर गेले.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि तालुक्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्याकडे जखमी येतातच, गंभीर प्रकरणांची वैद्यकीय-न्यायिक नोंदही होते. तिच्यात जागा, वेळ आणि हत्यार या तीन रकान्यांची भर घालून दर महिन्याला गोषवारा मांडवा सागरी पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतींना देता येईल. मारहाण जेट्टीजवळ होते, बारबाहेर होते की चार भिंतींत, हे सहा महिन्यांत कळू लागेल. छेदाचे कामही आता समोर आहे. नव्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ची मध्यरात्र आहे. त्याआधी प्रगणक दारोदार फिरतील तेव्हा कुलूपबंद बंगल्यांच्या मागच्या खोल्यांत राहणारा पहारेकरी आणि अर्धवट इमारतीतल्या मजुरांचे बिऱ्हाड यादीत आले की नाही, हे तपासायचे काम ग्रामपंचायतींच्या आवाक्यातले आहे.