राज्य ख्रिस्ताचे की साम्राज्याचे?

आपले राज्य या जगातले नाही, असे येशूने रोमन सुभेदारापुढे उभे राहून सांगितल्याचे ख्रिस्ती परंपरा मानते. ज्याला सैन्य नको, खजिना नको, सिंहासन नको, अशा संन्यस्त वृत्तीचे हे उद्गार भारतीय मनाला परके वाटण्याचे कारण नाही. प्रश्न उद्भवतो तो या वचनाचा आणि चर्चच्या इतिहासाचा मेळ घालताना.

गोव्यात धर्मसत्ता आली ती पोर्तुगीज तलवारीच्या सावलीत. 'पाद्रुआदो' व्यवस्थेने बिशपच्या निवडीचा अधिकार पोर्तुगालच्या राजाला दिला होता. १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. ब्रिटिश अमलात १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दारे उघडली आणि कलकत्त्याच्या अँग्लिकन बिशपचे वेतन हिंदी महसुलातून देण्याची तरतूद केली. येथील रयतेने कर भरायचा आणि राज्यकर्त्यांच्या धर्मगुरूंना पोसायचे, असा हा न्याय होता. ऐहिक सत्तेपासून अलिप्त असलेल्या राज्याचे हे रूप म्हणावे काय?

या इतिहासात दोन अपवाद मात्र तेजाने उठून दिसतात. दोघांचाही जन्म १८६१ चा.

पहिले ब्रह्मबांधव उपाध्याय. बंगालमधील या ब्राह्मण तरुणाने १८९१ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तीन वर्षांनी भगवी वस्त्रे परिधान केली आणि स्वतःला 'हिंदू कॅथलिक' म्हणविले. वेदान्ताच्या परिभाषेत ख्रिस्ताचे चिंतन व्हावे, नर्मदातीरी मठ उभा राहावा, ही त्यांची आकांक्षा होती. तिला खीळ घातली ती चर्चच्याच अधिकाऱ्यांनी. पुढे 'संध्या' पत्रातून त्यांनी परकीय सत्तेवर आसूड ओढले. १९०७ मध्ये राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा स्वराज्याच्या ईश्वरदत्त कार्याबद्दल आपण परक्या राज्यकर्त्यांना उत्तरदायी नाही, अशी भूमिका त्यांनी न्यायालयात घेतली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु ओवी-अभंगाची वाट सोडली नाही. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची चाकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे चालत. दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, ते गेले आणि तो प्रयोग अपुरा राहिला.

या दोघांच्या सर्वच श्रद्धा पटल्या पाहिजेत, असे नाही. त्यांचे धर्मांतर अनेकांना आजही सलते. पण त्यांचे उदाहरण एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध करते. ख्रिस्तावरील श्रद्धा आणि परक्या सत्तेवरील निष्ठा या एकच गोष्ट नव्हेत. त्यांना एकत्र बांधले ते साम्राज्याने. आणि ती गाठ सोडू पाहणाऱ्यांना चर्चच्या व्यवस्थेत पुरेशी जागा मिळाली नाही.

म्हणूनच येथे विवेक राखणे आवश्यक आहे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या देशभक्तीवर संशय घेणे हा ब्रह्मबांधवांचा अपमान ठरेल. प्रश्न व्यक्तीचा नसून संस्थेचा आहे. कॅथलिक बिशपांच्या नियुक्त्या आजही रोममधून होतात. चीनप्रमाणे शासनाने त्यात हात घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने एक बेडी जाऊन दुसरी पडेल. परिवर्तन आतून घडले पाहिजे. नेतृत्व, द्रव्यबळ आणि चिंतन या तिन्ही बाबतींत भारतीय चर्च स्वावलंबी व्हावे, आणि सेवेच्या मोबदल्यात धर्मांतराची अपेक्षा त्याने टाकून द्यावी.

ज्याचे राज्य या जगातले नाही, त्याला संख्या वाढविण्याची घाई कशासाठी असावी? या प्रश्नाचे उत्तर हिंदू समाजाला देण्याआधी चर्चने आपल्या ख्रिस्ताला द्यावयाचे आहे.